रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहे? आधी एक वजाबाकी करून बघा

गोव्यात फोंड्यातल्या एका लहानशा लॅबच्या काउंटरवर माझी वीसेक वर्षं गेली. सकाळी रक्त काढायचं, दुपारी मशीन, संध्याकाळी पाकिटं. पाकीट घेऊन बाहेर पडेपर्यंतही कुणाला धीर निघत नाही. तिथंच फाडतात, पहिल्या ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, ‘‘कोलेस्टेरॉल कितलें?’’ मीही बरीच वर्षं तोच एक आकडा बघून उत्तर देत होतो. 200च्या आत असला की ‘‘बरें आसा’’, बाहेर असला की ‘‘डॉक्टरांना दाखवा’’.

बाजारातले एक शेट, वय 48, असेच पाकीट न्यायला आले होते. टोटल कोलेस्टेरॉल 192, शेजारी कसलीही खूण नाही. ‘‘शेट, नॉर्मल,’’ मी म्हणालो. सहा महिन्यांनी त्यांच्या छातीत कळ आली, 108 बोलावली, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं, स्टेंट बसवला. बरे झाल्यावर ते पुन्हा रक्त द्यायला आले, तेव्हा मी जुना रिपोर्ट काढून बघितला. मशीनने सगळं बरोबर छापलं होतं. पहिल्या ओळीच्या खाली वाचायचं मीच सोडलं होतं. तेव्हापासून जो विचारेल त्याला मी कागदावर हिशेब करायला शिकवतो. पेन लागतं आणि मोबाइलचा कॅल्क्युलेटर, बस.

रक्त देण्याआधी

वर्षानुवर्षं आम्ही दहा-बारा तास उपाशी यायला सांगत आलो. आता बऱ्याच देशांतले तज्ज्ञ पहिल्या तपासणीसाठी उपाशीपणाचा आग्रह धरत नाहीत. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, 2024मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही तसंच आहे. खाल्ल्यामुळे टोटल आणि एचडीएलमध्ये, म्हणजे ज्याला ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतात त्यात, फारसा फरक पडत नाही; ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, मात्र चढतं. ते 400च्या वर गेलं तर पुन्हा उपाशी पोटी तपासायचं. साखरेची तपासणीही सोबत असेल तर मात्र उपाशीच या. पाणी प्या, पोटभर प्या; शीर सापडायला आम्हालाच सोपं जातं. आणि उपाशी म्हणजे उपाशी. वाळपईहून कदंबची पहिली बस पकडून येणारे लोक स्टँडवर उतरून एक चहा मारतात आणि वर ‘काही खाल्लं नाही’ म्हणतात. दूध-साखरेचा चहा हे खाणंच आहे.

चतुर्थी आटोपल्याबरोबर येऊ नका. चार दिवसांच्या नेवऱ्या, पाटोळ्या आणि वर कुणाकडची फेणी. त्या आठवड्यातला आकडा तुमच्या वर्षभराचं काही सांगत नाही. उर्राकच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या, दिवसांत दारू निदान दोन-तीन दिवस बंद ठेवून या. डेंग्यू किंवा मोठ्या तापातून उठला असाल तर कोलेस्टेरॉल खोटंच कमी दिसतं, तेव्हा काही आठवडे जाऊ द्या. जिना चढून धापा टाकत आलात तर पाच मिनिटं शांत बसा. दंडावरचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरी आकडा वाढतो, पण ती काळजी आमची. गोळ्या चालू असतील तर ‘खरा आकडा कळावा’ म्हणून त्या बंद करून येऊ नका. गोळीवरचा आकडाच डॉक्टरांना हवा असतो.

कागदावर नेमकं काय असतं

लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या या सगळ्या तपासणीत, सात-आठ ओळी असतात, पण मशीन खरं मोजतं ते बहुतेक ठिकाणी तीनच: टोटल कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल. बाकीच्या ओळी या तिघांतून काढलेल्या असतात. आकडे आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात.

एक गोष्ट डोळ्यांनी दिसते ती सांगतो. रक्त पिवळ्या टोपणाच्या नळीत घेतात, ते गोठलं की नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसतात, मधे जेलचा थर आणि वर सीरम. साधारण माणसाचं सीरम गवती चहाच्या पाण्यासारखं पिवळसर, आरपार दिसणारं. ट्रायग्लिसराइड खूप चढलेल्या माणसाचं मात्र नारळाच्या दुसऱ्या रसासारखं पांढुरकं असतं, नळीमागचं लेबल दिसत नाही. तशी नळी हातात आली की आकडा यायच्या आधीच आम्ही एकमेकांकडे बघतो. ट्रायग्लिसराइड 500च्या वर असेल तर हृदयाचं राहू द्या, स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. तिथं हिशेब करत बसायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

ती वजाबाकी

शेटांचे सहा महिन्यांपूर्वीचे आकडे असे होते: टोटल 192, ट्रायग्लिसराइड 210, एचडीएल 34, एलडीएल (ज्याला ‘वाईट’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते) 116.

शेजारी दुसरा कागद ठेवतो, मंगेशीच्या माझ्या वहिनीचा. टोटल 216, ट्रायग्लिसराइड 75, एचडीएल 78, एलडीएल 123. टोटलपुढे ‘हाय’ची खूण. ती बघून वहिनीने महिनाभर घरात नारळ फोडला नाही. नारळाविना हुमण (माशाची आमटी) खाऊन दादाचं वजन घटलं, तेवढाच फायदा.

पहिल्या ओळीवर वहिनी वाईट आणि शेट चांगले. एलडीएल बघितलं तरी वहिनीचंच जास्त. आता टोटलमधून एचडीएल वजा करा.

शेट: 192 वजा 34, म्हणजे 158.
वहिनी: 216 वजा 78, म्हणजे 138.

याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून तिथं साचू शकणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल यात एकत्र येतं: एलडीएल, ट्रायग्लिसराइड वाहून नेणारं व्हीएलडीएल, त्यांचे अर्धवट पचलेले अवशेष, एलडीएलसारखाच एक कण लायपोप्रोटीन-ए, सगळंच. जोखीम नसलेल्या माणसासाठी हे 130च्या आत हवं. दोघेही बाहेर आहेत, पण शेट वीस आकड्यांनी जास्त बाहेर. शिवाय या वजाबाकीत ट्रायग्लिसराइड येत नाही, त्यामुळे चहा पिऊन रक्त दिलं असलं तरी हा आकडा फारसा डळमळत नाही. मला विचाराल तर रिपोर्टमध्ये एकच ओळ ठेवायची असती तर मी हीच ठेवली असती. काही लॅब ती छापतात, काही छापत नाहीत. छापली नसेल तर पेनने लिहा.

एलडीएल आलं कुठून?

बहुतेक रिपोर्टांवरचं एलडीएल मोजलेलं नसतं, काढलेलं असतं. 1972 साली फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन या तीन अमेरिकन संशोधकांनी एक सोपं सूत्र दिलं. ट्रायग्लिसराइडला पाचने भागलं की व्हीएलडीएल येतं. टोटलमधून एचडीएल आणि व्हीएलडीएल दोन्ही वजा केले की उरतं ते एलडीएल. शेटांचं करून बघा: 210 भागिले 5 म्हणजे 42. मग 192 वजा 34 वजा 42, म्हणजे 116. तुमच्या कागदावरचे आकडे असेच तंतोतंत जुळले तर तुमचं एलडीएल सूत्रातून आलंय. ‘डायरेक्ट’ लिहिलं असेल तर ते वेगळ्या रसायनाने थेट मोजलेलं आहे. तेव्हा बेरीज जुळत नाही म्हणून काउंटरवर भांडू नका. जुळायलाच हवी असं नाही.

या ‘भागिले पाच’मध्ये अंदाज आहे. ट्रायग्लिसराइड वाढत गेलं की अंदाज बिघडतो आणि एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसायला लागतं. 400च्या वर तर सूत्र वापरायचंच नाही, म्हणून लॅब ती जागा कोरी सोडते. 2013मध्ये मार्टिन-हॉपकिन्स आणि 2020मध्ये सॅम्पसन अशी सुधारलेली सूत्रं आली, सॅम्पसनचं 800 ट्रायग्लिसराइडपर्यंत चालतं. ती हाताने करायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा की ट्रायग्लिसराइड 200च्या पुढे असताना ‘एलडीएल चांगलं आहे’ यावर खूश व्हायचं नाही, वर केलेल्या वजाबाकीकडे परत यायचं.

एलडीएल 190 किंवा त्याहून जास्त आलं तर मात्र पुढचं काही वाचू नका. हा बऱ्याचदा आनुवंशिक मामला असतो. पापण्यांजवळ पिवळसर चट्टे, टाचेमागच्या धोंडशिरेवर गाठी, तरुण वयातच बुबुळाभोवती पांढरं कडं, यातलं काही आहे का बघा, आणि भावंडांना-मुलांनाही तपासायला सांगा.

भागाकार

टोटलला एचडीएलने भागा. शेट: 192 भागिले 34, म्हणजे साडेपाचच्या वर. वहिनी: 216 भागिले 78, म्हणजे पावणेतीन. हा आकडा चारच्या आत असला तर बरं, पाचच्या पुढे गेला की कपाळाला आठी हवी.

दुसरा भागाकार मला जास्त आवडतो, कारण तो माणसाच्या पोटाच्या घेराबद्दल बोलतो: ट्रायग्लिसराइड भागिले एचडीएल. शेटांचा 210 भागिले 34, म्हणजे 6.2. वहिनीचा एकच्या जरा आत. हा आकडा तीनच्या पुढे असेल तर शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसावं आणि एलडीएलचे कण बारीक-दाट झाले असावेत, असा संशय घ्यायचा. संशयच, निदान नव्हे.

कण बारीक झाले तर काय बिघडलं? डिचोली-साखळीच्या लोकांना हे लगेच समजेल. खाणी जोरात होत्या तेव्हा रस्त्याची वाट कशाने लागायची, मालाच्या टनांनी की ट्रकांच्या फेऱ्यांनी? शंभर टन माल दहा मोठ्या ट्रकांतून नेला तर दहा फेऱ्या, लहान टिप्परांतून नेला तर वीस. एलडीएलचा आकडा टन सांगतो, ट्रक मोजत नाही. ट्रायग्लिसराइड भरपूर असलं की ते एलडीएलच्या कणात शिरतं आणि कोलेस्टेरॉल बाहेर जातं. मग यकृतातलं एन्झाइम ते ट्रायग्लिसराइड खरवडून काढतं आणि कण आक्रसतो. एका कणात माल कमी, म्हणून तेवढ्याच मालाला कण जास्त. शेटांचं एलडीएल 116 असूनही त्यांच्या रस्त्यावर गर्दी वहिनीपेक्षा जास्त असणार, ती यामुळे. ट्रक खरोखर मोजायचे असतील तर अपोबी नावाची तपासणी आहे: अशा प्रत्येक कणावर हे प्रथिन एकच असतं, म्हणून अपोबी मोजलं की कण मोजले. हिला वेगळे पैसे पडतात आणि सगळ्यांना ती लागतही नाही. पण ट्रायग्लिसराइड चढलेलं असेल, मधुमेह असेल किंवा पोट सुटलेलं असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

याच भागाकाराचं जरा शिकलेलं रूप म्हणजे अथेरोजेनिक इंडेक्स ऑफ प्लाझ्मा. मोबाइल आडवा धरला की कॅल्क्युलेटरवर लॉगचं बटण दिसतं, तेवढ्यात होतं. मात्र आधी एकक बदलून मिलिमोल करावं लागतं, आणि इथंच नवखे चुकतात. ट्रायग्लिसराइडला 88.57ने भागा, एचडीएलला 38.67ने. शेटांचं 2.37 आणि 0.88. पहिल्याला दुसऱ्याने भागून लॉग घेतलं की 0.43. वहिनीचं उणे 0.38. उणे आलं म्हणून घाबरायचं नाही, उणे इथं चांगलं. साधारण 0.1पर्यंत कमी जोखीम, 0.24पर्यंत मध्यम आणि त्यापुढे जास्त, असं धरतात. एकक न बदलता लॉग घेतलात तर 0.36ची भर पडेल आणि घरातले सगळेच धोक्यात दिसतील. गोळ्या ठरवताना डॉक्टर सहसा हा आकडा बघत नाहीत, पण स्वतःचे दोन वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करायला चांगला आहे.

एचडीएलबद्दल एक. पुरुषांत 40च्या आत आणि बायकांत 50च्या आत असेल तर ते कमी. पण जास्त म्हणजे संरक्षण, असं गृहीत धरू नका. रोज संध्याकाळी घेणाऱ्याचं एचडीएलही छान दिसतं, दारूने ते वाढतंच. आमच्याकडे एक गृहस्थ 70चं एचडीएल दाखवून फेणीचे गुण गात असत. त्यांचं ट्रायग्लिसराइड 340 होतं, ती ओळ ते अंगठ्याखाली झाकायचे.

आता माणूस बघा

इथपर्यंत रक्त झालं. पण तेच 158 पंचवीस वर्षांच्या मुलीत आणि सिगारेट ओढणाऱ्या पन्नाशीच्या पुरुषात एकच अर्थ सांगत नाही. दहा वर्षांत हार्ट अटॅक किंवा लकवा येण्याची शक्यता काढायला तक्ते आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचे 2019चे तक्ते प्रदेशानुसार आहेत, भारत दक्षिण आशियाच्या तक्त्यात येतो. 40 ते 74 वय, पुरुष की बाई, धूम्रपान, मधुमेह, वरचं बीपी आणि टोटल कोलेस्टेरॉल एवढं लागतं. तक्त्यात कोलेस्टेरॉल मिलिमोलमध्ये आहे, म्हणून टोटलला 38.67ने भागून घ्या. बोट ठेवाल त्या चौकटीचा रंग बघायचा: हिरवा पाच टक्क्यांच्या आत, पुढे पिवळा, नारिंगी, लाल आणि सगळ्यात शेवटी तीस टक्क्यांच्या वरचा गडद लाल.

गंमत अशी की हा तक्ताही एचडीएल विचारत नाही. शेटांचं 192 म्हणजे 4.97, म्हणून ते ‘4 ते 4.9’च्या चौकटीत बसतात आणि त्यांचं 34चं एचडीएल कुणाच्या लक्षातच येत नाही. ब्रिटनचं क्यूरिस्क-3 हे अशाच अंदाजाचं ऑनलाइन साधन टोटल-एचडीएलचं गुणोत्तर विचारतं आणि वंश भारतीय आहे का तेही विचारतं, म्हणून अशा माणसासाठी मला ते बरं वाटतं. अमेरिकन तज्ज्ञांनीही 2018च्या सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणारा घटक म्हणून नोंदवला आहे. घरात वडील किंवा भावाला 55च्या आत, आई किंवा बहिणीला 65च्या आत हृदयविकार झाला असेल तर तक्त्यातलं उत्तर काहीही येवो, डॉक्टरांना ते आधी सांगा.

आणि ज्यांना एकदा अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे किंवा लकवा झालाय, त्यांनी तक्ता वापरायचाच नाही. ते आधीच सगळ्यात वरच्या पायरीवर आहेत.

किती खाली आणायचं

2024च्या त्याच भारतीय सूचनांनुसार, जोखीम कमी असेल तर एलडीएल 100च्या आत आणि नॉन-एचडीएल 130च्या आत. मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारखी मोठी जोखीम असेल तर 70 आणि 100. हृदयविकार किंवा लकवा होऊन गेला असेल तर 55 आणि 85. जोडीतले दोन आकडे तिसाच्या फरकाने असतात, त्यामुळे एक लक्षात ठेवलात तर दुसरा आपोआप येतो. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली ‘नॉर्मल रेंज’ या तिघांना एकच दाखवते, म्हणून खुणांवर माझा राग आहे.

त्याच सूचनांत लायपोप्रोटीन-ए जन्मात एकदा तरी तपासा असं आहे. ते आईवडिलांकडून येतं, पथ्याने हलत नाही, म्हणून पुन्हापुन्हा करायची गरज नसते. 50 मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीचं सगळं जास्त कसून सांभाळायचं.

खाण्यावर मी फार बोलत नाही, ते काम दुसऱ्यांचं. फक्त विचारतात म्हणून: खोबरेल तेल एलडीएल वाढवतं आणि एचडीएलही, पण त्या एचडीएलवर विसंबून राहता येत नाही. हुमणातला नारळ आणि तळणीचं तेल यांत मात्र मी भेद करीन. बांगडा आणि तारले ट्रायग्लिसराइडसाठी चांगले, पण रव्यात घोळून तेलात पोहत नसतील तर. उंडे (पाव), साखर आणि दारू या तिघांना हात लावलात तर ट्रायग्लिसराइड सगळ्यात आधी उतरतं.

गोळी सुरू केली किंवा बदलली तर चार ते बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या, शक्यतो त्याच लॅबमध्ये. पाच-दहा आकड्यांच्या फरकाने हर्ष किंवा शोक करू नका, तेवढं शरीर रोजच हलत असतं; ट्रायग्लिसराइड तर त्याहून जास्त. एलडीएल फार चढलेलं असेल आणि कारण सापडत नसेल तर थायरॉइड एकदा बघून घ्यायला डॉक्टरांना आठवण करा. थायरॉइड मंद असेल तर गोळ्या कोलेस्टेरॉलच्या नव्हे, त्याच्या लागतात. जुने रिपोर्ट फेकू नका, एका फाइलीत तारखेने लावा आणि ओपीडीत पाकीट नव्हे, फाइल न्या. डॉक्टरांकडे तुमच्यासाठी मिनिटं मोजकी असतात. ‘‘कोलेस्टेरॉल किती?’’पेक्षा ‘‘माझं नॉन-एचडीएल 158 आहे, माझ्या जोखमीला ते किती हवं?’’ असं विचारलंत तर त्या मिनिटांत कामाचं बोलणं होतं.

शेट गेल्या महिन्यात आले होते. सिगारेट सुटली, गोळी चालू आहे. पाकीट तिथंच फाडलं, कानामागची दुकानातली पेन्सिल काढली आणि पाकिटाच्या पाठीवर लिहिलं: 131 वजा 38, 93. खाली रेघ मारली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘‘पंच्याऐंशीला अजून आठ.’’